आपण भारतात गेल्यावर कुत्रा कुणाकडे?

गेल्या दिवाळीत याच सदरात मी शनिवारच्या मराठी शाळेबद्दल लिहिलं होतं. पण वर्षभरात मंडळाच्या कार्यक्रमांत भेटलेल्या मैत्रिणींनी शाळेपेक्षा आमच्या रोझीचीच चौकशी जास्त केली. रोझी म्हणजे आमची कुत्री, शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड. "चावत नाही ना?", "केस किती गळतात?", "देवघरापाशी जाते का?", "खर्च किती येतो?" असे प्रश्न असतात, आणि शेवटी हळूच, "आमचीही मुलं मागे लागली आहेत गं, काय करू?"

म्हणून मंडळी, यंदा शेल्टरमधल्या कुत्र्यांविषयी. गेली चार वर्षं दर मंगळवारी सकाळी मुलीला शाळेत सोडून मी रेडिंगबाहेरच्या एका शेल्टरमध्ये कुत्री फिरवायला जाते. भारतात असताना मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. इथे आल्यावर घर आणि मुलगी हेच काम झालं, आणि आठवड्यातले ते तीन तास माझे स्वतःचे. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते, वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. अवघड प्रश्न या लेखाच्या शीर्षकात आहे, आणि तो फारसं कुणी विचारत नाही.

शेल्टरमध्ये येणारी सगळी कुत्री मार खाल्लेली किंवा रस्त्यावर सोडलेली असतात असा एक समज आहे. तशीही येतात. पण पुष्कळ कुत्री चांगल्या घरातून येतात. कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाला बाळ होणार असतं, कुणाचा नवा घरमालक परवानगी देत नाही, कुणी आजी वृद्धाश्रमात जातात. लॉकडाऊनमध्ये घरोघरी पिल्लं आली आणि ऑफिसं उघडल्यावर त्यातली कित्येक दिवसभर एकटी पडली, त्यांचीही रांग लागली. आणि एक कारण आपल्या ओळखीचं, 'परदेशी स्थलांतर'. व्हिसा संपला, कंपनीने परत बोलावलं, आई-वडिलांसाठी कायमचं जायचं ठरलं. एकदा असंच एक भारतीय कुटुंब सहा वर्षांचा लॅब्रेडॉर घेऊन आलं होतं. ते काही निर्दय नव्हते. त्यांनी त्याचं अंथरूण, खेळणी, लसींचं पुस्तक, सगळं नीट पिशवीत भरून आणलं होतं. नवरा-बायको दोघंही रडत होते. फक्त सहा वर्षांपूर्वी तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

या देशात ही व्यवस्था कशी उभी राहिली ते थोडक्यात सांगते. १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक जागा सुरू केली. माणसं रस्त्यावर उपाशी असताना कुत्र्यांचे कसले लाड, म्हणून तेव्हा लोकांनी टिंगल केली. पण चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात तिच्याबद्दल आपुलकीचा लेख आला, मदत वाढली, आणि १८७१ मध्ये ते घर बॅटरसी इथे गेलं. आजचं प्रसिद्ध 'बॅटरसी' ते हेच. त्याच्याही २८ वर्षं आधी, १८३२ साली आपल्या मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती. सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि फोर्टातल्या पारशी मंडळींनी त्याविरुद्ध बाजार बंद पाडले. तेव्हा कुत्र्यांचा कळवळा फक्त साहेबाला, असं कुणी म्हणालं तर त्याला हे जरूर सांगा. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले आहेत.

आता शेल्टरच्या फॉर्मबद्दल. तो भरताना आपल्या लोकांना हमखास राग येतो. "मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न विचारतात," असं एक मैत्रीण म्हणाली. घर भाड्याचं की स्वतःचं? भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी? कुंपण किती उंच? मुलांची वयं काय? दिवसातून किती तास घरी कुणी नसतं? साधारणपणे कुत्र्याला सलग चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये असं सांगतात. मग कुणीतरी घर पाहून जातं. घरातल्या सगळ्यांनी कुत्र्याला भेटायला यावं लागतं, एकदा, कधी दोनदा, तीनदा. यात आपला अपमान काही नाही. एकदा घर मिळून पुन्हा परत आलेलं कुत्रं मी पाहिलेलं आहे. दुसऱ्या वेळी ते पिंजऱ्याच्या पुढे येत नाही, मागच्या भिंतीशी बसून राहतं. ते टाळण्यासाठी हा फॉर्म आहे.

शेल्टरमधून घेताना कुत्र्याची तपासणी, लसीकरण, मायक्रोचिप आणि बहुधा नसबंदी झालेली असते. ते एकूण आपल्या पैशात बसतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा स्वभाव तिथल्या लोकांनी पाहिलेला असतो. हा मुलांबरोबर राहील, ही मांजर असलेल्या घरात चालणार नाही, याला दुसऱ्या कुत्र्याची सोबत हवी, हे ते आधीच सांगतात. पिल्लूच हवं असेल तर एक लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून 'लूसीज लॉ' लागू आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मधल्या दलालाकडून विकत घेता येत नाही. थेट ते वाढवणाऱ्याकडून, पिल्लू त्याच्या आईबरोबर पाहून, किंवा मग शेल्टरमधून. मोटारीच्या डिकीतून गाडीतळावर पिल्लू द्यायला येणारा माणूस कितीही गोड बोलला तरी मागे फिरा.

आम्ही ग्रेहाउंड घेतली याचं सगळ्यांना नवल वाटतं. एवढं पळणारं जनावर टेरेस्ड घरात कसं मावणार? खरी गंमत अशी की ग्रेहाउंडसारखा आळशी कुत्रा दुसरा नसेल. दिवसातून दोनदा फिरवलं की उरलेला वेळ सोफ्यावर चारी पाय वर करून झोप. साधारण चार-पाच वर्षांची झाली की ही कुत्री शर्यतीतून बाहेर पडतात, आणि पुढे बारा-तेरा वर्षांपर्यंत जगतात. म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक असतं. ते कुठे काढायचं, हा इथला मोठाच प्रश्न आहे. ग्रेहाउंड ट्रस्ट वर्षानुवर्षं हेच काम करते. वेल्सच्या सरकारने तर २०२५ च्या फेब्रुवारीत या शर्यतींवर बंदी आणण्याचं जाहीर केलं. ग्रेहाउंडचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत बरं का. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दिसणारा कारवानी कुत्रा, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात, तोच लांब पाय आणि खोल छाती घेऊन असतो. २००५ साली भारताच्या टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. सासूबाईंनी रोझीला पहिल्यांदा व्हिडिओवर पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्याकडच्या मेंढपाळांबरोबर असते तसली! पोट खपाटीला गेलंय, खायला घाल तिला." पोट तसंच असतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

रोझी आयुष्यात कधी घरात राहिली नव्हती. जिना म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. काचेच्या दाराला ती नाक आपटायची. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की थरथरायची. शेल्टरवाले 'तीन-तीन-तीन' असा एक ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस ते जनावर बावरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची शिस्त कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. मी मास्तरीण, त्यामुळे मला हे लगेच उमगलं. वर्षाच्या मध्येच बदली होऊन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी फळ्यापाशी उभं करायचं नसतं. त्याला मागच्या बाकावर बसू द्यायचं, डब्याच्या सुट्टीत कुठे जायचं ते दाखवायचं, आणि वाट पाहायची. आम्ही पहिल्या महिन्यात पाहुणे बोलावले नाहीत. जेवण त्याच वेळी, फिरणं त्याच रस्त्याने. जिना माझ्या लेकीने शिकवला, एकेका पायरीवर चिकनचा तुकडा ठेवून. शेवटची पायरी चढायला अकरा दिवस लागले. लेकीने कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या.

तर आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. चावत नाही, पण मांजर आणि खार दिसली की मागे लागते, म्हणून मोकळ्या जागी पट्टा सोडत नाही. केस गळतात, पण थोडे. अंगावर चरबी नसल्याने हिवाळ्यात कोट घालावा लागतो. देवघर आमचं भिंतीवरच्या कपाटात आहे, त्यामुळे तो वाद झाला नाही. ज्यांचं खाली आहे त्यांनी लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक लावावं. खर्च आमचा महिन्याला साधारण ८० ते ९० पौंड, त्यात खाणं, विमा आणि पिसवांचं औषध आलं. विमा घ्याच. कुत्र्यांना एनएचएस नाही, आणि एका पायाच्या शस्त्रक्रियेचं बिल भारतवारीच्या तिकिटांएवढं होऊ शकतं.

आता मूळ प्रश्न. आपलं इथलं आयुष्य दोन देशांत वाटलेलं आहे. दीड-दोन वर्षांनी चार-पाच आठवडे भारतात जायचं असतं. ती सहल ठरवून होते, तेव्हा केनेल आधी ठरवता येतं. आमच्या भागात रात्रीला २५-३० पौंड पडतात, म्हणजे पाच आठवड्यांचे हजार तरी धरा. पण दुसरी एक सहल ठरवून होत नाही. रात्री तीन वाजता फोन वाजतो ती.

आमच्याकडे तो फोन फेब्रुवारीत आला. सासऱ्यांना सांगलीत अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने आम्ही तिघंही निघालो आणि २३ दिवस तिकडे राहिलो. त्या रात्री आमच्या डोक्यात बरंच काही होतं, पण रोझीचं काय करायचं हा प्रश्न नव्हता. कारण तिला घरी आणण्याआधीच आम्ही दोन घरं ठरवून ठेवली होती. एक, दोन गल्ल्या पलीकडे राहणारं मंडळातलंच कुटुंब. दुसरं, शेजारचे निवृत्त इंग्रज आजोबा. दोघांकडे आमच्या घराची किल्ली. फ्रिजवर एक कागद, त्यावर सकाळ-संध्याकाळ किती ग्रॅम खाणं, कुठला रस्ता, कुठल्या कुत्र्यापासून लांब, डॉक्टरचा नंबर, विम्याचा नंबर. डॉक्टरकडे आमचं पत्र, की आम्ही नसताना या दोघांचा निर्णय तो आमचा निर्णय. आणि महत्त्वाचं म्हणजे रोझी दर महिन्यात एक शनिवार त्या मैत्रिणीकडे राहायला जात होती. त्यामुळे पहाटे पाच वाजता तिला तिथे सोडलं तेव्हा ती सरळ आत गेली आणि नेहमीच्या कोपऱ्यात बसली. सासरे आता बरे आहेत. रोज व्हिडिओवर आधी रोझीची विचारपूस करतात, मग मुलाची.

कुत्रा घ्यायचा तर हे 'दुसरं घर' आधी शोधा, मग फॉर्म भरा, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. प्रेम असतंच हो. शेल्टरच्या दारात रडणाऱ्या त्या जोडप्याचंही होतं. कमी पडतो तो माणसांचा गोतावळा. भारतात वाड्यात, चाळीत, सोसायटीत तो आपोआप असतो. खालच्या मजल्यावरच्या काकू असतात, वॉचमन असतो. इथे तो मुद्दाम बांधावा लागतो. आपल्या मंडळात डोहाळजेवणाला वीस डबे जमतात, विमानतळावर सोडायला मध्यरात्री गाडी मिळते. तशीच एक यादी 'दुसऱ्या घरां'ची करू या. ज्यांच्याकडे कुत्री आहेत आणि ज्यांच्याकडे नाहीत पण आवडतात, अशी दोन-दोन कुटुंबं एकमेकांशी जोडायची. मी कार्यकारिणीशी बोलले आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमात दारापाशी वही ठेवलेली असेल.

गणित जमत नसेल तर कुत्रा घेऊ नका, यात कमीपणा काहीच नाही. मदत करायला कुत्रा आपल्या मालकीचा असावा लागत नाही. शेल्टरना कुत्री फिरवणारी माणसं हवी असतात, डॉक्टरकडे ने-आण करणारे गाडीवाले हवे असतात, जुने टॉवेल हवे असतात (नेण्याआधी विचारा, सगळीकडे सगळं घेत नाहीत). काही आठवड्यांसाठी कुत्रं घरी सांभाळता येतं, त्याला फॉस्टरिंग म्हणतात. डॉग्ज ट्रस्टचा 'फ्रीडम प्रोजेक्ट' २००४ पासून एक फार मोलाचं काम करतो. घरात मार खाणाऱ्या पुष्कळ बायका कुत्र्याला मागे सोडवत नाही म्हणून त्या घरातून बाहेर पडत नाहीत, कारण आश्रयगृहांत बहुतेक ठिकाणी प्राण्यांना जागा नसते. अशा बाईचं कुत्रं ती सावरेपर्यंत स्वयंसेवक आपल्या घरी गुपचूप सांभाळतात. कुत्रं कुठे आहे हे मालकिणीलाही सांगत नाहीत, म्हणजे तिच्यावर दबाव आणून कुणी ते काढून घेऊ शकत नाही. १९८५ साली सुरू झालेली 'सिनमन ट्रस्ट' वृद्ध आणि गंभीर आजारी माणसांची कुत्री फिरवून आणणारे स्वयंसेवक पुरवते. आपल्यातल्या ज्या आई-बाबांची मुलं कॉलेजात गेली आणि घर शांत झालं, त्यांना तर हे काम अगदी मानवेल. आठवड्यातून दोनदा कुत्रं फिरतं, आणि दार उघडणाऱ्या आजींशी दोन शब्द बोलणं होतं.

दिवाळी अंक आहे, म्हणून दिवाळीपुरतं थोडं. इथे एरवी फटाके रात्री ११ नंतर उडवता येत नाहीत. ५ नोव्हेंबरला १२ पर्यंत आणि दिवाळीच्या रात्री १ पर्यंत मुभा आहे. म्हणजे कुत्र्यांच्या दृष्टीने हे दोन-तीन आठवडे सलग वाईट. अंधार पडण्याआधी फिरवून आणा. बागेचं फाटक बंद आहे का पाहा. पडदे ओढा, टीव्ही लावा, टेबलाखाली जुन्या रजईची गुहा करून द्या, आणि त्या संध्याकाळी त्याला एकटं ठेवू नका. ते जवळ आलं तर जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही. इंग्लंडमध्ये २०१६ पासून मायक्रोचिप सक्तीची आहे, पण घर बदललं तरी चिपवरचा जुना पत्ता आणि फोन नंबर तसाच राहतो. तो आजच तपासा. घाबरलेली ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या पुढे धावते, मागे पळून काही उपयोग नसतो.

आणि फराळ. बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा तुम्हाला-मला शोभेचा, कुत्र्याच्या मूत्रपिंडांना मात्र घातक. बेदाणे, मनुका, द्राक्षं, चिंच, कांदा, लसूण, चॉकलेट यांतलं काहीही देऊ नका. चिवड्यात मनुका असतात, हे येणाऱ्या पाहुण्यांच्या छोट्या मुलांनाही सांगून ठेवा, कारण प्रेमाने भरवणारी तीच असतात. खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरला फोन करा.

हा अंक भारतातही वाचला जातो. तिथल्या आजी-आजोबांना आणि काका-मावशींना एक विनंती. घरात कुत्रा हवा असेल तर थंड देशातला केसाळ हस्की चिपळूणच्या दमट हवेत आणू नका. आपली गावठी पिल्लं काटक असतात, आपल्या हवेला सरावलेली असतात, आणि मुंबई-पुण्यात ती दत्तक देणाऱ्या संस्था आहेत. गल्लीतल्या ज्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसते त्याची नसबंदी झालेली असते. त्याला हुसकावून लावलं तर त्या जागी न झालेलं दुसरं येतं. तेव्हा त्याला राहू द्या, दरवर्षी रेबीजची लस मिळते का एवढं पाहा, आणि उन्हाळ्यात दारात पाण्याचं भांडं ठेवा.

आणि इथल्या मैत्रिणींनो, मुलांना 'नाही' म्हणायची घाई करू नका आणि 'हो' म्हणायचीही. रविवारी चहाला बसून एका कागदावर दोन कुटुंबांची नावं लिहून पाहा, रात्री तीन वाजता फोन केला तर दार उघडतील अशी. दोन नावं निघाली तर मंगळवारी शेल्टरवर या, मी तिथे असतेच. नाही निघाली तर संक्रांतीला त्या वहीत तुमचं नाव लिहा. कुणाचं तरी दुसरं घर तुम्ही व्हाल.

सर्वांना दीपावलीच्या मनापासून शुभेच्छा.